तोमासचे चार जीबी

बस, एदेलीरा. अगं ती नको, भिंतीकडची खुर्ची नको. ही चाकांची घे. ती तशीच असू दे.

दार नीट ओढलंस ना? बाहेर उन्हानं डोकं फुटतंय आणि या तळघरात बाराही महिने हिवाळा. मशीनांना थंड लागतं, माणसांचं कोण विचारतंय. एकवीस वर्षं ही लोकरीची शाल पांघरून बसलेय मी इथं. वरच्या नर्सा मानानं 'न्या' लावतात नावाला आणि वर हसतात, "निघाल्या न्या झुनी बर्फाच्या देशाला!" हसू देत मेल्या. आज माझा शेवटचा दिवस. उद्यापासून शाल तुझी, किल्ल्या तुझ्या आणि पडद्यावरची ती यादीही तुझी.

कागदावर सगळं लिहून दिलंय तुला. चौदा पानं. पासवर्ड, बॅकअप, कुठल्या मशीनला किती मेमरी. तू राजधानीत शिकलेली, एका बैठकीत वाचून काढशील. पण एक गोष्ट त्या पानांत नाही. ती लिहिली असती तर संचालकांनी मला कधीच घरी बसवलं असतं. साडेबारा होतायत. एकला सगळं हॉस्पिटल आडवं होईल, तोवर सांगून संपवते.

थांब, आधी तेरेरे करते. थर्मासात बर्फाचं पाणी आहे अजून, पाल्यावर ओतायला. आज नुसता पुदिना ठेचून घातलाय. गवती चहा मी घालत नाही. का ते कळेलच.

हा पहिला ग्वांपा, शिंगाचा पेला काठोकाठ. तो राहू दे इथंच, त्या खुर्चीच्या हातावर. पहिला संत तोमासचा, दुसऱ्यापासून आपला. तुला काय सांगायचं, तूही इथलीच. पण राजधानीत हल्ली पहिलाच घोट घशात ओततात म्हणे. असो.

माझ्याआधी इथं क्रिस्पीन होते, सगळे मानानं कराई क्रिस्पीन म्हणायचे. उंच, पाठीत वाकलेले, बोलायचं म्हणजे जिवावर आल्यासारखं. हे मोठं मशीन त्यांनीच उभं केलं. तुला हे सगळं येतं, तरी माझ्या पद्धतीनं ऐक. खरं मशीन एकच. त्याच्या पोटात बावीस व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे खोटी. प्रत्येकाला वाटतं आपण वेगळे, आपला संसार वेगळा. औषधालयाचं एक, प्रयोगशाळेचं एक, एक्स-रेचं एक, दिवस पुरे न भरलेल्या बाळांच्या वॉर्डाचं एक. पण जेवण सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं. ते पातेलं म्हणजे मेमरी. एकशे अठ्ठावीस जीबी, त्याच्या वर एक घास नाही.

कराई क्रिस्पीनांचा नियम सोपा. नवीन मशीन आलं की दोन जीबी. कोणीही असो, कितीही मोठ्या साहेबाचं असो. मी म्हणायचे, "अहो, ते आठ मागतायत." तर म्हणायचे, "मागू दे. आठवडाभर बघ त्याच्याकडे. खरंच भूक असली तर कळेल, मग वाढ." आणि बाळांच्या वॉर्डासारखी जी जिवाची मशीनं, त्यांची मेमरी कधी काढून घेतली जाऊ नये, एवढा मोकळा पैस पातेल्यात कायम राहिलाच पाहिजे, हा दुसरा नियम.

आणि यादीत सगळ्यात वर एक मशीन होतं. नाव तोमास. चार जीबी, कुलूपबंद. म्हणजे त्या चारांना कोणी हात लावू शकत नाही, खुद्द मोठं मशीनसुद्धा नाही. आणि आत काय, तर काही नाही! डिस्क नाही, प्रोग्राम नाही, नुसतं चालू. मी नवीन होते, विचारलं, "कराई, हे कशासाठी?"

"तोमाससाठी," ते म्हणाले. "पातेलं तळापर्यंत खरवडायचं नाही, झुनी. पहिला वाटा बाजूला काढला की आपला हात आपोआप आखडता राहतो."

मला पटलं. म्हणजे हुशारी म्हणून पटलं. त्यात दुसरं काही असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. रोज दुपारी ते त्या खुर्चीत बसायचे, गवती चहा घातलेलं तेरेरे करायचे, पहिला ग्वांपा समोर ठेवून पडद्याकडे बघत राहायचे. बॅकअपही त्यांनी दुपारचाच लावला होता. दुसरीकडे रात्री लावतात. पण इथली रात्र कुठली झोपायला? रात्री अपघात येतात, बाळंतिणी येतात. इथं सामसूम होते ती एक ते तीन. डॉक्टर झोपतात, कारकून झोपतात, फाटकावरची कुत्री झोपतात. लहानपणी आई सांगायची, या वेळी अंगणात जाऊ नका, तो पोरं पळवणारा यासी यातेरे उचलून नेईल. तुलाही सांगितलं असेल. भुतं रात्रीची असतात म्हणणारे कुठल्या गावचे असतात देव जाणे, आपल्याकडे सगळं दुपारचंच.

तर दुपारीच गेले ते. या खुर्चीत. मी तीनला आले तेव्हा हात गार पडला होता आणि ग्वांपा मांडीवर होता, रिकामा. त्यांनी शेवटची कळ दाबली ती एक वाजून सदतीस मिनिटांनी, मशीननं नोंदवून ठेवलं होतं. त्यानंतरच्या नोंदी आपापल्या, बॅकअपच्या. माणूस मरून पडला होता आणि मशीन आपलं काम करत होतं.

मग जागा मला मिळाली. आणि मी काय केलं ऐक, कारण तूही करशील. सगळेच करतात.

सुरुवातीला दोन-दोनच दिले. मग पुरवठादारानं नवीन साचा दिला. नवीन मशीन करायला खिडकी उघडली की मेमरीच्या चौकटीत आकडा आधीच भरलेला, आठ. आपण काहीच बोललो नाही तर जो मिळतो तो आकडा. आता, एक बाई, तीन मजले, दिवसात चाळीस तक्रारी. कोणाचा प्रिंटर अडलाय, कोणाचा पासवर्ड हरवलाय. कोण बसतंय आठ खोडून दोन लिहीत? 'पुढे', 'पुढे', 'पूर्ण'. झालं. असं करत करत दोन वर्षांत चौदा मशीनं आठ-आठची झाली. कागदावर वाटलेले एकशे नव्वद, पातेल्यात एकशे अठ्ठावीस. आणि चालत होतं गं! लग्नाला दोनशे जणांना बोलावतो आपण आणि खुर्च्या सव्वाशे मांडतो, तसंच. सगळे एकदम कुठे येतात? ज्याला भूक नाही त्याच्याकडून मोठं मशीन हळूच काढून घेतं आणि भुकेल्याला देतं. आठ या आकड्यावरून कोणी मला कधी रागावलं नाही.

त्या फेब्रुवारीत माझी लेक लिदुविना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. एक किलो दोनशे ग्रॅम. तिला वरच्या वॉर्डात तीन नंबरच्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बोटाएवढा हात, त्यावर चिकटपट्टी. एवढ्या लहान पोरांचं काय होतं माहीत आहे? ती श्वास घ्यायला विसरतात. झोपेतच थांबतात. मग कोणीतरी तळपायाला टिचकी मारायची, की पुन्हा घेतात. पण ते कळायला हवं ना. पेट्यांचे स्वतःचे भोंगे कधीच मेले होते, सगळा भरवसा भिंतीवरच्या एका पडद्यावर. तो पडदा चालायचा या यादीतल्या मशीनवर. माझ्या यादीतल्या.

लिदुविना मला म्हणाली, "आई, तू खाली आहेस ना, मग मी झोपते." चार रात्री डोळा लागला नव्हता तिचा.

नेमकं त्याच आठवड्यात मंत्रालयाचं नवीन मशीन आलं. गुरुवारी चारला राजधानीतून तपासणीला माणसं येणार. त्याला पाहिजे होते आठ, कुलूपबंद. पातेल्यात मोकळे उरले होते चार. संचालक, डॉक्टर ओवेलार, स्वतः खाली आले. थंडीनं हात चोळत यादी बघितली.

"हे तोमास काय आहे?"

"रिकामं आहे, डॉक्टर. कराई क्रिस्पीनांनी..."

"रिकामं? आणि चार जीबी अडवून बसलंय? अहो न्या झुनी, इथं जिवंत माणसांना खाटा पुरत नाहीत आणि तुम्ही मेलेल्यांसाठी जागा राखून ठेवता!"

हसलो आम्ही. मीसुद्धा हसले. सोमवारी दुपारी बाराला मी तोमास बंद केलं.

त्याच दिवशी औषधालयाचं मशीन गोठलं. दुपारी. बॅकअप चालू होता, मी म्हटलं, होतं असं. तीनला वर गेले तर औषधालयातला फुल्हेन्सिओ डोळे चोळत बसलेला. "न्या झुनी, तुम्ही आला होतात का दुपारी?"

"मी कशाला येऊ?"

"कोणीतरी तेरेरे पीत होतं. मी आत गादीवर पडलो होतो. आवाज येत होता हो... ग्वांपा संपला तरी नळी ओढत राहतात ना, तसा. सुर्रर्र... सुर्रर्र... म्हटलं, पाणी संपलंय तर ओता की! उठून बघितलं, कोणी नाही." मग नाक वर करून म्हणाला, "आणि गवती चहा. अजून येतोय बघा वास."

येत होता. मी म्हटलं, "तुझ्याच कपाटातला असेल," आणि खाली आले.

मंगळवारी प्रयोगशाळा. वेळ बघितली मी या खेपेला, एक सदतीस. तिथली देईदामिया माझ्यापेक्षा मोठी, कशालाही न भिणारी बाई. ती तीनला दारातच उभी होती, आत जायला तयार नव्हती. म्हणाली, "आत कोणीतरी बसलंय, झुनी. दिसत नाही. पण दमलेलं आहे. दमलेल्या माणसाच्या श्वासाचा आवाज मला कळतो." मी आत गेले. कोणी नव्हतं. स्टुलाची गादी मात्र खोल दबलेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आली.

मी खाली येऊन त्या दुपारचे नोंदवलेले आकडे मांडले. हे कर तू कधीतरी, बेरीज करून बघ. प्रत्येक मशीन खरोखर किती खात होतं ते एकाखाली एक लिहिलं, मोठ्या मशीनचं स्वतःचं धरलं. चार कमी येत होते. कोणाच्याच नावावर नसलेले चार जीबी. कोणीतरी खात होतं. सोमवारीही आणि मंगळवारीही, तीन वाजता ते चार परत जागेवर आलेले.

बुधवारी एक्स-रे. तोच वास, तोच आवाज, तीच वेळ. संध्याकाळी मी यादी समोर घेऊन बसले. तोमास बंद, करडा दिसत होता. त्याच्या खाली औषधालय. त्याच्या खाली प्रयोगशाळा. मग एक्स-रे. ज्याची जागा काढून घेतली होती ते एकेका घरात जाऊन बसून बघत होतं. आणि एक्स-रेच्या खाली होता बाळांचा वॉर्ड.

तिथं तीन नंबरच्या पेटीत माझी नात होती गं.

गुरुवारी सकाळपासून धडपडत होते. वॉर्डाच्या मशीनचे चार कुलूपबंद करायला गेले. मशीन म्हणालं, तेवढी मेमरी शिल्लक नाही. तोमासला परत चालू करायला गेले. शिल्लक नाही. मंत्रालयाचं बंद करायला परवानगी पाहिजे, तर डॉक्टर ओवेलार म्हणाले, "चार वाजता माणसं येतायत, न्या झुनी! उद्या बघू." आणि साडेबाराला घरी झोपायला गेले, फोन बंद. नर्स ब्लासिदाला जाऊन सांगितलं, आज एक ते तीन पडद्यावर विसंबू नकोस, पेट्यांपाशी बस. ती म्हणाली, "बसते हो, न्या झुनी. तुमची नात ती माझी नात."

एक पंचवीसला मी शेवटी ठरवलं, गेली ती तपासणी खड्ड्यात. मंत्रालयाचं मशीन बंद करायची कळ दाबली. 'बंद होत आहे' असं आलं आणि तिथंच अडकलं. त्याचाही श्वास कोंडला होता. एक एकोणतीस. एक एकतीस. 'बंद होत आहे'. मी उठले आणि जिना चढायला लागले.

दुपारचं हॉस्पिटल तू अजून पाहिलं नाहीस. लांबच लांब बोळ, पडदे ओढलेले, खाटांवर माणसं मेल्यागत झोपलेली. नुसते पंखे फिरतात. माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. आणि दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा माझ्यापुढे, त्या बोळाच्या टोकाला, आणखी कोणाच्या तरी चपला वाजत होत्या. सावकाश. थकल्या माणसाच्या. मी थांबले की त्या थांबत नव्हत्या.

वॉर्डात ब्लासिदा नव्हती. खाली अडलेली बाळंतीण आली होती, तिला बोलावून नेलं होतं, नंतर कळलं. पाच पेट्या, पाच बाळं आणि भिंतीवर पडदा. सगळं हिरवं. तीन नंबरच्या खाली आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस, ठोके उत्तम. मी सुस्कारा टाकणार तेवढ्यात कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं, पडद्यावरचंच. एक सदतीस. माझ्या मनगटावर एक एकोणचाळीस झाले होते.

पडदा गोठला होता. तो एकशे अठ्ठेचाळीस दोन मिनिटांपूर्वीचा होता.

मी पेटीत वाकून बघितलं. ओठ निळे. छाती हलत नव्हती.

झाकण कसं उघडलं आठवत नाही. तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. आणि माझ्या पाठीमागे, नर्सच्या स्टुलावर, अगदी हातभर अंतरावर...

सुर्रर्र.

गवती चहाचा वास एकदम एवढा आला की माझे डोळे झोंबले. मी वळले नाही. देवाशप्पथ सांगते, मान वळवायची ताकदच नव्हती. आणि खरं सांगू? मला राग आला नाही त्यांचा. ते वाईट नव्हतेच. जन्मभर राबलेला माणूस, एक दुपारची बसायची जागा होती, ती मी हसत हसत काढून घेतली होती. पण बसायला त्यांना माझ्या पोरीचीच जागा मिळाली?

मी टिचक्या मारत होते आणि बोलत होते. "कराई क्रिस्पीन... हिचं नको. मी चुकले. तुमचं तुम्हाला परत देते, आज देते, आत्ता देते... पण हिचं नको. माझं घ्या. माझा वाटा घ्या पाहिजे तर... ही लहान आहे हो, हिचं अजून काही सुरूच झालं नाही..."

मागे आवाज थांबला. स्टूल करकरलं, कोणी गुडघ्यांवर हात देऊन उठावं तसं.

आणि तिनं श्वास घेतला. माझ्या बाळानं गं! एकदम घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखी रडायला लागली. पडदा तेव्हाच जागा झाला, भोंगा कोकलायला लागला, ब्लासिदा धावत आली. मी तिथंच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. लिदुविनाला आजपर्यंत सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

खाली आले तेव्हा मंत्रालयाचं मशीन बंद झालेलं होतं. तोमास चालू केला, चार जीबी, कुलूप. एका क्षणात झाला. मी एक ग्वांपा भरला आणि खुर्चीपाशी ठेवला. त्या दिवसापासून काही गोठलं नाही.

तू हसतेयस. हास. मला माहीत आहे तू काय म्हणणार. बॅकअप दुपारचा, वाटप दीडपट, बाळं झोपलेली म्हणून त्यांच्या मशीनला काम नाही, काम नाही म्हणून मोठ्या मशीनला वाटलं याला भूक नाही, घेतलं काढून. मंत्रालयाचं बंद झालं, आठ सुटले, सगळं सुरळीत. बरोबर आहे. तपासणीच्या माणसांना मी हेच लिहून दिलं, सहीनिशी. आणि पुढच्या आठवड्यापासून सगळं बदललं मी. साच्यातला आठ खोडून दोन केला. चौदाच्या चौदा मशीनांकडे एकेक आठवडा बघत बसले, तर अकरांना दोनच पुरत होते, मेली उगाच आठ-आठ घेऊन बसली होती. जिवाच्या मशीनांना कुलूप. एकूण पातेल्यातला पाचवा हिस्सा मोकळा, काहीही झालं तरी. हे सगळं चौदा पानांत आहे, तेवढं पाळलंस तर कोणाची नात निळी पडणार नाही.

तोमासला बंद करू नकोस. त्याच्यात डिस्क नाही, प्रोग्राम नाही, तरी त्याचा आलेख उघडून बघ कधीतरी. दिवसभर शून्य. एक सदतीसला चढायला लागतो, भरतो, आणि तीनला खाली. नऊ वर्षं. मोठं मशीन दोनदा बदललं आपण, यादी तीच आली. याचं कारण तुझ्या राजधानीच्या पुस्तकात सापडलं तर मला कळव.

आता यादीत सगळ्यात खाली बघ. नाही, अजून खाली. ते शेवटचं.

हो, माझंच नाव आहे. झुनिल्दा. मी नाही केलेलं ते. त्या गुरुवारी संध्याकाळी मला दिसलं. केल्याची वेळ बघ, एक वाजून एकेचाळीस. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते, पोरीचा पाय बोटांत धरून. या खोलीला बाहेरून कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. मनात येईल, आपोआप झालं असेल. होतं असं, मशीनं काहीही करतात. पण मेमरी बघ किती आहे. दोन. त्या गुरुवारी कोणीही, काहीही न बोलता नवीन मशीन केलं असतं तर आठ पडले असते. साचा मी पुढच्या आठवड्यात बदलला. त्या दिवशी आठ खोडून दोन लिहिणारा माणूस या इमारतीत एकच होता.

नऊ वर्षं ते बंद आहे. करडं. रोज सकाळी आल्या आल्या आधी तेच बघते मी, आणि बंद दिसलं की मग शाल पांघरते. काढून टाकावंसं कधी वाटलं नाही. दिलेला शब्द काय खोडायचा?

आज सकाळी आले तर हिरवं होतं. चालू. मी हात लावलेला नाही.

अगं घाबरतेस कशाला? तुझा ग्वांपा पी, बर्फ वितळला सगळा. आणि तो खुर्चीच्या हातावरचा उचलू नकोस, रिकामा झाला असला तरी. झालाय का? मी नाही बघत.

सव्वा वाजून गेला. ऊठ आता, पोरी. वर जाऊन पड जरा, उद्यापासून कुठली झोप तुला. दार बाहेरून ओढून घे. मी बसते इथंच. ही नाही, ती खुर्ची दे मला, भिंतीकडची. किती थकलेय मी तुला सांगू... हाडंसुद्धा दमलीत.

तीनला माझ्यासाठी एवढं कर. फाटकाशी माझी नात येईल, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या. यरुती तिचं नाव. रोज मला न्यायला येते. तिला म्हणावं, आजी खाली कामात आहे. खाली येऊ देऊ नकोस तिला. हात धरून थेट आईकडे पोचव.

आणि ते खालचं मशीन. तुझ्या हातून चुकूनही त्याचे दोन जीबी वाढवू नकोस. मला पुरतील.